घरपोच बाजार आणि त्याची जबाबदारी



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे लोक धरून चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते बाजारहाटावर. मोबाइलच्या काचेवर भरणारा, दुकानदाराचे तोंड न दिसणारा आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी खोक्यात घालून माल दारात आणणारा जो नवा बाजार आहे, तो आमचा विषय. गेल्या महिन्यात असे एकही खोके आले नाही, असे घर या सभागृहात क्वचितच सापडेल. सोय मोठी आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. जी वस्तू जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा मिळत नसे, ती आता आडगावच्या माणसाला घरबसल्या मिळते. या सोयीची निंदा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

प्रश्न निराळा आहे. वस्तू चांगली निघाली तर ती कोणी विकली याची चौकशी कोणीच करीत नाही. कुकरचे झाकण उडाले, चार्जरने पेट घेतला, किंवा खेळण्यातला सेल मुलाने गिळला, म्हणजे मात्र पहिला सवाल उभा राहतो तो हा: ही वस्तू आम्हांला विकली कोणी? नाव ज्या कंपनीचे खोक्यावर छापलेले असते, पैसे जिच्या खात्यात गेले असतात, ती कंपनी सांगते, "आम्ही विक्रेते नाही. आम्ही फक्त बाजार भरवतो. विक्रेता दुसरा आहे. त्याचे नाव बिलावर बारीक अक्षरांत आहे, ते पाहा." ते नाव पाहावे तर ते कुठल्याशा परराज्यातल्या गाळ्याचे असते, आणि पुष्कळदा परदेशातलेही असते. ग्राहकाने कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

"आम्ही फक्त बाजार भरवतो" हे वाक्य नीट तपासून पाहू. बाजार भरवणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. नगरपालिकेची मंडई असते. नगरपालिका गाळे भाड्याने देते, झाडलोट करते, दिवे लावते. गाळ्यावर घेतलेली वांगी किडकी निघाली म्हणून कोणी नगरपालिकेवर दावा लावीत नाही, आणि लावूही नये. भाव ती ठरवीत नाही, माल ती हाताळीत नाही, पैसे तिच्या गल्ल्यात जात नाहीत.

आता धान्याच्या किंवा कांद्याच्या पेठेतला आडत्या पाहा. माल त्याचाही नसतो. तो शेतकऱ्याचा असतो. परंतु आडत्या तो आपल्या गाळ्यावर उतरवून घेतो, सौदा लावतो, वजन करवतो, पैसे गोळा करतो आणि आपली आडत घेतो. शेतकऱ्याने पैसे मागायचे ते त्याच्याचकडे. "खरेदीदार पळाला, मी आपला मधला माणूस," असे आडत्या पेठेत म्हणू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गाळ्यावर गाडी उतरणार नाही, आणि ज्या बाजार समितीने त्याला परवाना दिला तीही त्याला जाब विचारील. म्हणजे मधल्या माणसांतही दोन जाती आहेत. एक नुसती जागा देणारा आणि दुसरा व्यवहार हाताळणारा. जबाबदारीचे माप दोघांना एकच लावणे हे न्यायाचे नाही, आणि आपल्या पेठांनी ते कधी लावलेही नाही.

मोबाइलवरचा हा बाजार या दोहोंपैकी कोणासारखा आहे? भिवंडीजवळ नाशिक महामार्गालगत जी अवाढव्य गोदामे उभी आहेत, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. अशा गोदामांत शेकडो विक्रेत्यांचा माल कंपनीच्या ताब्यात असतो. तेथेच तो खोक्यात भरला जातो, त्यावर कंपनीची चिकटपट्टी लागते, कंपनीने नेमलेला माणूस तो घरी पोचवतो. कोणता माल पडद्यावर पहिला दिसावा आणि कोणता शंभरावा, हे कंपनी ठरवते. सणाची सूट कधी लावायची, परत आलेल्या मालाचे काय करायचे, पैसे किती दिवस अडकवून ठेवायचे, हेही तीच ठरवते. विक्रेत्याला ग्राहकाचे तोंड दिसत नाही आणि ग्राहकाला विक्रेत्याचे. सर्व विक्रेत्यांना ती हे सारे करते असे नाही. काही जण आपला माल आपणच पाठवतात. परंतु जेथे ती हे करते, तेथे तिला मंडईची मालकीण म्हणणे म्हणजे आडत्याला झाडूवाला म्हणण्यासारखे आहे.

मग कायदा काय म्हणतो? आम्ही वकील नव्हे. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, गरजेपोटी. तेव्हा जे सांगतो ते साध्या शब्दांत सांगतो.

या कंपन्यांची ढाल म्हणजे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९. ही ढाल मोठी का झाली याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. २००४ च्या नोव्हेंबरात बाझी डॉट कॉम या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने एक अश्लील चित्रफीत विक्रीस मांडली. डिसेंबरात त्या कंपनीच्या प्रमुखांनाच अटक झाली. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटला रद्द केला. परंतु अटकेने मोठी खळबळ उडाली होती. कोणा परक्याने फळ्यावर चिकटवलेल्या कागदासाठी फळ्याच्या मालकाला तुरुंगात घालायचे काय, असा सवाल निघाला, आणि तो रास्त होता. २००८ साली कायदा दुरुस्त झाला व ती दुरुस्ती ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तेव्हापासून असे ठरले की, मध्यस्थाने माहिती स्वतः निवडली वा बदलली नसेल, योग्य ती दक्षता घेतली असेल, आणि गैर गोष्ट ध्यानात येताच ती काढली असेल, तर दुसऱ्याच्या माहितीबद्दल त्याला जबाबदार धरू नये. "ध्यानात येणे" म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केले: न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची सूचना आल्यावर.

श्रोतेहो, ही ढाल मोडून टाका असे आम्ही म्हणणार नाही. पत्रके काढून, सभा घेऊन जगणाऱ्या संघटनेला बोलण्याच्या मोकळिकीची किंमत ठाऊक असते. प्रत्येक शब्दासाठी छापखान्याला धरू लागलात तर छापखाना आमचे पत्रक छापणारच नाही. पण कलमातले शब्द पाहा. दुसऱ्याची "माहिती", "डेटा" आणि "संपर्काचा दुवा" यांसाठी ती सूट आहे. कुकर म्हणजे माहिती नव्हे. कुकरचे वर्णन ही माहिती आहे. पण जो चुलीवर चढतो आणि फुटतो तो कुकर ॲल्युमिनियमचा असतो. शब्दांसाठी घडवलेली ढाल वस्तूंच्या पुढे धरायची, हा या सगळ्या वादातला मूळ गोंधळ आहे.

गोंधळाला दुसरे एक कारण आहे ते भांडवलाचे. आपल्या देशात परदेशी भांडवलाला विद्युत्-बाजार भरवण्याची पूर्ण मुभा आहे. पण स्वतःचा माल साठवून देशातल्या ग्राहकाला सरसकट विकण्याची मुभा नाही. किरकोळ दुकानदारांना संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. मार्च २०१६ च्या सरकारी टिपणाने हा भेद मांडला, आणि डिसेंबर २०१८ च्या टिपणाने तो कडक केला. ते टिपण फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. एखाद्या विक्रेत्याची पंचवीस टक्क्यांहून अधिक खरेदी बाजारकंपनीकडून वा तिच्या गोतावळ्यातल्या कंपन्यांकडून होत असेल, तर त्याचा माल बाजारकंपनीच्याच ताब्यातला समजावा, असे त्यात आले. २०१६ च्या टिपणात असेही लिहिले आहे की, मालाची हमी आणि ग्राहकाचे समाधान ही विक्रेत्याची जबाबदारी. तेव्हा कंपन्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. परंतु हे टिपण भांडवलाच्या परवानगीसाठी लिहिलेले होते. परवानगी मागताना "आम्ही दुकानदार नाही" असे सांगितले, म्हणून स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईलाही तेच उत्तर द्यावे, हे त्यातून निघत नाही.

न्यायालयांतही या प्रश्नावर एकमत झालेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०१८ मध्ये लुबुटाँ या पादत्राणे करणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्तींनी बाजारकंपन्या काय काय कामे करतात त्याची लांबलचक यादीच दिली: विक्रेता ठरवणे, माल साठवणे, आपल्या वेष्टनात बांधणे, पोचवणे, सवलत देणे. जी कंपनी व्यवहारात असा सक्रिय भाग घेते, तिला ढालीचा आसरा मिळेलच असे नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पण त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ॲमवे कंपनीच्या खटल्यात ३१ जानेवारी २०२० रोजी सांगितले की, सक्रिय मध्यस्थ आणि निष्क्रिय मध्यस्थ असा भेद कलम ७९ मध्ये मुळात केलेलाच नाही. म्हणजे आडत्या आणि मंडईवाला यांतला जो भेद पेठेतल्या पोराला कळतो, तो कायद्याच्या त्या कलमात लिहिलेला नाही. लिहिलेला नाही तर लिहून घेतला पाहिजे. तो कुठवर लिहिला गेला आहे, ते पाहू.

२०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात विद्युत्-व्यापाराचे नियमही निघाले. या नियमांनी काही चांगल्या गोष्टी केल्या. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात दिला पाहिजे. विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्काची सोय ग्राहकाला दिसली पाहिजे. माल कोणत्या देशातला, हे लिहिले पाहिजे. कोणता माल वर आणि कोणता खाली का दाखवला जातो, त्याची मुख्य कारणे सांगितली पाहिजेत. ग्राहकाच्या संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायची नाही. आणि ज्याच्या मालावर पूर्वी वारंवार कारवाई झाली, अशा विक्रेत्याची नोंद ठेवली पाहिजे.

खुद्द कायद्यात तर याहून मोठी गोष्ट आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई कोणी द्यावी, याचे एक स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. त्यासाठी "वस्तूचा विक्रेता" कोणाला म्हणावे, याची व्याख्या पुष्कळ रुंद केली आहे. विकणारा तर आलाच; पण माल वाटणारा, वेष्टनात बांधणारा, चिठ्ठी लावणारा, त्याची जाहिरात करून बाजारात आणणारा, हेही त्यात आले. आणि कलम ८६ म्हणते की, माल बनवणारा कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. आमच्या मते ही व्याख्या आणि हे कलम यांत पुष्कळ बळ आहे. ते अजून पुरते वापरले गेलेले नाही.

वापरले तर काय होते, याचे उदाहरण कुकरचे. घरगुती कुकर भारतीय मानक ब्यूरोच्या कसोटीला उतरलेलाच असावा, अशी सक्ती केंद्र सरकारच्या हुकुमाने फेब्रुवारी २०२१ पासून झाली. त्यानंतरही ती खूण नसलेले कुकर या बाजारांत विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली आणि २०२२ साली हुकूम काढले. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. सर्व ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड भरा, असा तो हुकूम. कंपन्यांचा बचाव तोच होता की, आम्ही मध्यस्थ. प्राधिकरणाने उत्तर दिले ते सोन्याच्या मोलाचे आहे. प्रत्येक विक्रीमागे जर तुम्ही पैसे कमावता, तर विक्रीतून भानगड उभी राहिल्यावर तुम्हांला हात झटकता येणार नाही, असा त्याचा आशय.

हिशेबाची सवय आम्हांला कारखानदारांच्या ताळेबंदांनी लावली, म्हणून हा हिशेबही करून पाहिला. २,२६५ कुकरांवर ॲमेझॉनने घेतलेली दलाली ६,१४,८२५ रुपये होती. म्हणजे दर कुकरमागे सुमारे २७१ रुपये. दंड झाला एक लाख, म्हणजे मिळालेल्या दलालीच्या सहाव्या हिश्शाहूनही थोडा कमी. पैसे परत करण्याचा बोजा वेगळा, हे खरे. आणि प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. पण एवढ्या दंडाने कोणी धसका घेईल, असे आम्हांला वाटत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, मोटारीचा सुरक्षा पट्टा न लावता त्याची घंटा बंद पाडणाऱ्या चिमट्यांविरुद्ध प्राधिकरणाला पाच बाजारकंपन्यांवर हुकूम काढावे लागले, आणि अशा सुमारे तेरा हजार जाहिराती उतरवाव्या लागल्या. जीव वाचवणारी घंटा बंद करण्याचा चिमटा! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तो टांगला असता, तर येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला हटकले असते.

बाहेरच्या देशांतही हाच झगडा चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये, संगणकाची बॅटरी फुटून भाजलेल्या बाईच्या खटल्यात ठरवले की, ज्या कंपनीने माल आपल्या गोदामात ठेवला, पैसे घेतले आणि आपल्या खोक्यातून पाठवला, ती जबाबदार आहे. उलट टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, दूरनियंत्रकातला छोटा सेल गिळलेल्या एका तान्ह्या मुलीच्या खटल्यात सांगितले की, मालाची मालकी कंपनीकडे कधी आलीच नाही, म्हणून ती विक्रेता नव्हे. मूळ विक्रेता तर हाती लागलाच नव्हता. एकाच देशात, वर्षाच्या अंतराने, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे! पुढे जुलै २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने, ज्या मालाची साठवण व पाठवण ॲमेझॉन करते, त्याची ती "वितरक" ठरते असा निर्णय दिला. तो चार लाखांहून अधिक वस्तूंबद्दल होता. त्यांत विषारी वायूची सूचना न देणारी यंत्रे आणि सहज पेट घेणारे मुलांचे कपडे होते. कंपनीने २०२५ साली त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

युरोपने मात्र उपाय जरा खोल जाऊन शोधला. तेथला डिजिटल सेवांचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. विक्रेत्याची ओळख पटवल्याशिवाय त्याला बाजारात बसू देऊ नये, असे तो सांगतो. आणि २०२४ साली सदोष वस्तूंबद्दल युरोपीय संघाने जो नवा निर्देश काढला, त्यात एक नामी तरतूद आहे. बाजारकंपनीने माल असा मांडला असेल की, साध्या ग्राहकाला तो तिचाच वाटावा, आणि खरा जबाबदार कोण हे विचारल्यावर महिन्याभरात तिला सांगता आले नाही, तर ती स्वतःच जबाबदार. सभासद देशांनी हे आपल्या कायद्यांत ९ डिसेंबर २०२६ पर्यंत उतरवायचे, असे त्यात ठरले.

आता आमच्या घरच्या अनुभवाकडे येतो, कारण त्यासाठीच आम्ही या विषयाला हात घातला. "माल विक्रेत्याचा, आम्ही मध्यस्थ" हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला ते ओळखीचे वाटले. "माणूस कंत्राटदाराचा, आम्ही मालक नाही" या वाक्याचेच ते सख्खे भावंड आहे. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराला फाटकावर हेच ऐकवले जाते. फाटक कारखान्याचे, यंत्र कारखान्याचे, शिट्टी कारखान्याची, फक्त बोटे कंत्राटदाराची! गोदामांतही तीच तऱ्हा. पाटी कंपनीची, माल विक्रेत्याचा आणि माल उचलणारा गडी कंत्राटदाराचा. जिथे नफा आहे तिथे कंपनी आहे, जिथे जोखीम आहे तिथे दुसरे कोणीतरी आहे.

या पळवाटेवर कायद्याने उपाय शोधला तो आजचा नाही. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात कलम १२ होते. आपल्या धंद्याचे काम मालकाने कंत्राटदाराकडून करवून घेतले आणि त्यात कामगार जायबंदी झाला, तर भरपाई मूळ मालकाने द्यावी, जणू तो त्याचाच नोकर होता. आणि मग ती रक्कम मालकाने कंत्राटदाराकडून वसूल करून घ्यावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने वेतनासाठीही तेच तत्त्व लावले: कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने भरावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांच्याबद्दल आमचे वाद पुष्कळ आहेत. पण वेतनाचे हे तत्त्व त्यांनीही पुसलेले नाही. हे तत्त्व साधे आहे. दुबळ्याने चोर शोधत हिंडू नये. जो समोर आहे, ज्याच्या हातात व्यवहाराची दोरी आहे, त्याने आधी भरावे आणि मग आपल्या माणसाकडून वसूल करावे. शोधण्याची ताकद त्याच्यापाशी आहे. विक्रेत्याचे खाते त्याच्या वहीत आहे, विक्रेत्याचे पैसे त्याच्या हातात आहेत.

हेच तत्त्व ग्राहकाला लावा, एवढी आमची मागणी आहे. सरकारच्या मनातही ते एकदा येऊन गेले. जून २०२१ मध्ये नियमांच्या दुरुस्तीचा जो मसुदा निघाला, त्यात विक्रेत्याच्या कसुरीमुळे ग्राहकाला माल न मिळून त्याचे नुकसान झाले, तर बाजारकंपनीवर मागाहूनची जबाबदारी टाकण्याची तरतूद होती. मसुदा मात्र मसुदाच राहिला.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की, कंपनीवर भार टाकलात तर ती छोट्या विक्रेत्याला उभेच करणार नाही. अनामत मागेल, कागदपत्रे मागेल, आणि बाजार बड्यांच्या हाती जाईल. येवल्याचा विणकर, कोल्हापूरचा चप्पल करणारा कारागीर यांची काळजी आम्हांलाही आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की, जबाबदारी हाताळणीच्या प्रमाणात असावी. विक्रेता आपला माल आपणच पाठवीत असेल, त्याचे नाव-गाव स्पष्ट असेल आणि तो समन्सला हजर राहत असेल, तर कंपनीला मागे राहू द्या. माल कंपनीच्या गोदामातून निघाला असेल किंवा विक्रेता सापडतच नसेल, तर कंपनीने पुढे यावे. शिवाय प्रामाणिक कारागिराला मारतो तो कायदा नव्हे. त्याच्या शेजारी त्याच्याच नावाने मांडलेला निम्म्या भावाचा नकली माल त्याला मारतो. दुसरा आक्षेप असा की, यामुळे वस्तू महागतील. चार पैसे महागतील, शक्य आहे. पण आजही किंमत कोणीतरी भरतेच आहे. ती सर्व ग्राहकांवर चार चार पैशांनी न पसरता, ज्याच्या घरात स्फोट झाला त्या एकट्या घरावर पडते. ही काही स्वस्ताई नव्हे.

तेव्हा मागण्या तीन. वस्तूच्या दोषासाठी कलम ७९ ची ढाल चालणार नाही, असे कायद्यात स्वच्छ लिहा. ग्राहकाला इजा झाली आणि विक्रेता ठरावीक मुदतीत पुढे आला नाही, तर बाजारकंपनीने आधी भरावे व मग वसूल करावे. आणि दंड हा दलालीच्या पटीत असावा. मिळकतीहून दंड कमी असला तर तो धंद्याचा खर्च होऊन बसतो.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. आहे त्या कायद्यातही पुष्कळ आहे. बिल आणि विक्रेत्याचे नाव जपून ठेवा. खोके व वस्तू फेकण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्या. कुकर, खेळणी यांवर मानक ब्यूरोची खूण पाहिल्याशिवाय घेऊ नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीची कचेरी बंगळूरला असो की गुरगावला, २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच त्याला तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत विक्रेता आणि बाजारकंपनी या दोघांनाही प्रतिवादी करा. एकालाच केलेत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवील.

आणि शेवटची गोष्ट, जी आमच्या धंद्यातली आहे. एकटा ग्राहक हा एकट्या कामगारासारखा असतो. त्याच्या हातात वस्तू पाचशे रुपयांची, समोर कंपनी अब्जावधींची. तो विचार करतो, पाचशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार? कंपनीचा हिशेब नेमका याच विचारावर बसलेला असतो. पण या कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांच्या वतीने एकाने, किंवा नोंदलेल्या ग्राहक संघटनेने, तक्रार करावी अशी सोय त्यात आहे. २,२६५ कुकरवाले एकमेकांना ओळखत नव्हते, हेच त्यांचे दुबळेपण होते. आठ तासांचा दिवस, भरपगारी सुट्टी, अपघाताची भरपाई यांपैकी काहीही कोणा एकट्याच्या अर्जाने मिळालेले नाही. ग्राहकाचा हक्कही तसा मिळणार नाही. या गावात एक ग्राहक मंडळ उभे राहावे, आठवड्यातून एक दिवस कोणीतरी तक्रारी लिहून घ्यायला बसावे, आणि दहा पाचशेंची एक तक्रार करावी. ते मंडळ उभे करायला ज्यांना हात लावायचा असेल, त्यांनी आज व्याख्यान संपल्यावर आपली नावे द्यावीत. आमच्या संघटनेच्या कचेरीतले टेबल, खुर्ची आणि टंकलेखनाला एक माणूस, हे आम्ही आजच देऊ करतो.